इंटरनेट बंद पडलें असतां दोष कोठें आहे हें कसें ओळखावें
(डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतकरी व बागाईतदार यांच्या उपयोगासाठीं)

शेतीचा आणि इंटरनेटचा संबंध काय, हा प्रश्न एके काळीं रास्त ठरला असता. आतां तो तसा राहिला नाहीं. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा १५ रुपयांत घरबसल्या काढतां येतो. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हांपासून आपल्या शेतांतील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून छायाचित्रासह करावयाची अशी रीत पडली आहे. फळपीक विम्याचे अर्जहि याच वाटेनें जातात. चिकूच्या मृग बहराच्या विम्याची मुदत गेलीं कांहीं वर्षें साधारणतः जून महिन्यांत संपत आली आहे. आणि जून म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पहिल्या वादळी पावसाचा, विजांचा आणि फांद्या मोडून तारांवर पडण्याचा महिना. अर्थात् मुदत आणि बिघाड यांची गांठ नेमकी एकाच महिन्यांत पडते. अर्ज वेळेवर गेला नाहीं तर बागाईतदाराचें त्या हंगामाचें विमासंरक्षण जातें, आणि पीक पाहणीची नोंद राहिली तर पुढें नुकसानीच्या वेळीं शेतांत पीक होतें हें सिद्ध करण्याचा भार त्याच्याच शिरावर येतो. म्हणून इंटरनेट बंद पडलें असतां काय करावें, हा आतां शेतकऱ्याच्याहि विचाराचा विषय झाला आहे.

अशा वेळीं लोकांकडून सामान्यतः दोन प्रकार घडतात. कोणी दुकानदाराच्या सांगण्यावरून चांगलें चालणारें यंत्र टाकून नवें विकत आणतो. तर कोणी सारा दोष कंपनीवर ठेवून आठ आठ दिवस स्वस्थ बसतो, आणि शेवटीं कळतें कीं घरांतलीच वायर उंदरानें कुरतडली होती. दोन्ही प्रकारांत पैसा अगर वेळ फुकट जातो, व त्याचें कारण एकच. दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें न पाहतांच उपाय केला जातो.

शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचलें नाहीं तर जाणता शेतकरी लगेच नवा पंप आणीत नाहीं. तो विहिरीपासून पाटापाटानें चालत जातो, आणि पाणी जेथपर्यंत आलें आहे त्याच्या पुढचाच बांध उकरतो. जमिनीच्या मोजणींतहि हाच न्याय आहे. हद्दीचा वाद कितीहि गुंतागुंतीचा असो, मोजणीदार प्रथम निर्विवाद असा एक दगड शोधतो आणि तेथून मोजीत जातो. इंटरनेटच्या दोषाचा शोधहि असाच करावा लागतो. जें ठिकाण खात्रीनें चांगलें आहे तेथून आरंभ करावा, एका वेळीं एकच टप्पा तपासावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झालें, तर दोष कोणत्या गोष्टींत होता हें कधींच कळत नाहीं.

जुनी डायल-अप पद्धत

हा क्रम समजण्यास सर्वांत सोपें उदाहरण म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून चालणारी जुनी डायल-अप पद्धत होय. आपल्या देशांत सामान्य लोकांसाठीं इंटरनेट ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केलें, तें याच पद्धतीनें. आतां ही पद्धत जवळजवळ लुप्त झाली आहे. अमेरिकेंत तिच्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या एओएल कंपनीनेंहि आपली डायल-अप सेवा ता. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली. तथापि तिच्यांत प्रत्येक टप्पा कानानें ऐकूं येत असे, म्हणून शिकण्यास ती आजहि उपयोगी आहे.

संगणकाची भाषा अंकांची आणि टेलिफोनची तार आवाजाची. या दोहोंमध्यें दुभाष्याचें काम करणारें यंत्र तें मोडेम. तें अंकांचा आवाज करून तारेवर पाठवी, आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा अंक करी. टेलिफोनची तार सुमारें ३०० ते ३,४०० कंपनांच्या मर्यादेंतीलच आवाज नेण्यासाठीं योजलेली असल्यामुळें या वाटेनें फार वेग मिळत नसे. शेवटच्या काळांतील उत्तम मोडेमहि माहिती आणतांना सेकंदास जास्तींत जास्त ५६ हजार बिट आणि पाठवितांना साधारणतः ३३ हजार ६०० बिट इतकाच चाले. आठ बिट मिळून एक बाईट होतो. आजच्या मोबाईलनें काढलेलें एक छायाचित्र ३० लाख बाईटांचें धरलें, तर तें पाठविण्यास त्या वाटेनें सुमारें १२ मिनिटें लागलीं असतीं.

या जोडणीचे पांच टप्पे असत, आणि कोणता टप्पा अडला हें विंडोज प्रणालीचा संगणक एका क्रमांकानें सांगत असे.

(१) तारेवर टेलिफोन केंद्राचा ध्वनि असणें. तो नसेल तर ६८० हा क्रमांक येई. अशा वेळीं साधा टेलिफोन त्याच भिंतींतील खांचेंत लावून पाहावयाचा. ध्वनि ऐकूं आला तर दोष मोडेमांत किंवा त्याच्या वायरींत. न आला तर दोष तारेंत.
(२) नंबर लागणें. पलीकडील लाईन गुंतलेली असेल तर ६७६.
(३) पलीकडील यंत्रानें उत्तर देणें. उत्तर न आल्यास ६७८.
(४) नांव व परवलीचा शब्द मान्य होणें. अमान्य झाल्यास ६९१. हा क्रमांक आला म्हणजे तार, मोडेम व केंद्र हीं तिन्ही ठीक आहेत असें उलट सिद्धच होई. मग तार तपासण्याचें कारण उरत नसे.
(५) जोडणी टिकणें. जोडणी लागून वारंवार तुटत असेल, तर टेलिफोन कानास लावून खरखर ऐकावयाची. ओलसर सांधा, गंजलेला स्क्रू, अगर दुसऱ्या खोलींतील जोड-टेलिफोन कोणीं उचलणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें.

यांत लक्षांत ठेवण्याजोगें तत्त्व असें कीं, प्रत्येक अडथळा आपल्या अलीकडील सर्व टप्पे निर्दोष असल्याची ग्वाही देतो. हें तत्त्व ज्यानें ओळखलें त्याचा निम्मा शोध तेथेंच संपला.

वारणेचें उदाहरण

शेतकऱ्यांच्या कामासाठीं संगणक गांवोगांव नेण्याचा एक नामांकित प्रयोग आपल्याच राज्यांत झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा सहकारी संस्थांच्या क्षेत्रांत १९९८ सालीं सुमारें ७० गांवांसाठीं संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, कारखान्यांत झालेलें वजन, खताचा हिशेब, ही माहिती शेतकऱ्यास आपल्याच गांवीं मिळावी हा हेतु होता. पुढें कांहीं वर्षांनीं बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं तेथील व्यवहार पाहिला, तेव्हां असें दिसलें कीं हे संगणक मुख्यतः गांव व कारखाना यांमधील थोडीशी माहिती पोंचविण्यासच वापरले जात होते. आणि यंत्रें जुनीं होत गेल्यामुळें देखभालीचा खर्च मात्र वाढत होता. त्यांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधा मोबाईल देऊन तीच माहिती लघुसंदेशानें पाठवून पाहिली, आणि काम कमी खर्चांत झालें.

यावरून आपण घ्यावयाचा बोध असा. दोष शोधण्यापूर्वीं, आपणांस करावयाचें काम किती मोठें आहे हें पाहावें. ऊस किती टन भरला हा आंकडा दुबळ्या लाईनीवरूनहि जातो. मोठीं छायाचित्रें जात नाहींत. पुष्कळ वेळां लाईन बिघडलेली नसून तिच्यावर घातलेला भार तिला पेलत नाहीं, एवढेंच असतें. आजहि मोबाईलच्या पुष्कळ योजनांत दिवसाचा ठराविक सांठा संपला कीं वेग सेकंदास ६४ हजार बिटांवर किंवा त्याहून खालीं येतो. म्हणजे दुपारपर्यंत मुलांनीं चित्रफिती पाहून सांठा संपविला, तर सायंकाळीं अर्ज भरण्यास बसलेल्या बापाच्या हातीं जुन्या डायल-अपचाच वेग उरतो. त्या वेगानें वर सांगितलेलें छायाचित्र जाण्यास उत्तम स्थितींत सव्वासहा मिनिटें लागतात, आणि तितका वेळ संकेतस्थळ थांबेलच असें नाहीं. अशा वेळीं अर्जासोबत जोडावयाचे कागद लहान करून पाठवावे. तीन लाख बाईटांचा कागद त्याच वेगानें सुमारें ३८ सेकंदांत जातो.

आजच्या जोडणीस लागू पडणारा क्रम

जुन्या तांब्याच्या तारेची जागा आतां काचतंतूची तार, म्हणजे फायबर, घेत आहे. तिच्यांतून आवाज न जातां प्रकाश जातो. पण तपासणीचा क्रम तोच राहतो.

पहिला टप्पा वीज. तांब्याच्या तारेवरील टेलिफोनास केंद्रांतूनच ४८ व्होल्टची वीज मिळत असे, म्हणून घरांत अंधार असतांहि तो चाले. काचतंतूवरून वीज येत नाहीं. भिंतीवरील पेटीस घरचीच वीज लागते. म्हणून पेटीवरील दिवे लागले आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें. एकहि दिवा नसेल तर दोष बटणांत, खांचेंत किंवा पेटीस वीज देणाऱ्या अडॅप्टरांत. दिवे लागूनहि काम होत नसेल तर पेटीची वीज एक मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावी आणि सारे दिवे स्थिर होण्यास पांच मिनिटें द्यावींत. पेटीवर लहानसें छिद्र करून ठेवलेलें असतें, त्यांत टांचणी घालून दाबूं नये. त्यानें पेटींतील सर्व नोंदी पुसल्या जातात, आणि मग नसलेला दोष उत्पन्न होतो.

दुसरा टप्पा बाहेरून येणारी तार. पेटीवर ‘एलओएस’ असा दिवा असतो. तो लाल लागला किंवा उघडझांप करूं लागला, तर प्रकाश घरापर्यंत येत नाहीं असें समजावें. घरांत तार कोठें तीक्ष्ण वळली आहे काय, दारांत चेंगरली आहे काय, एवढें पाहावें; काचतंतु फार वांकविला तर प्रकाश बाजूस निसटतो. तेथें कांहीं न आढळल्यास दोष घराबाहेर आहे व तो कंपनीनेंच दुरुस्त करावयाचा आहे. उलट ‘पीओएन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर बाहेरची तार ठीक आहे.

तिसरा टप्पा पेटीपासून संगणकापर्यंत. बिनतारी वायफायचा जोर जाड भिंतींपलीकडे कमी होतो. संगणक वायरीनें थेट पेटीस जोडून पाहावा. वायरीनें चालत असेल आणि बिनतारी चालत नसेल, तर इंटरनेटचा दोष नाहीं. पेटीची जागा अगर वायफायची व्यवस्था पाहावयाची. घरांतील दुसऱ्या मोबाईलवर चालत असेल आणि एकाच यंत्रावर चालत नसेल, तर दोष त्या एका यंत्रांत.

चौथा टप्पा खातें. रकमेची मुदत संपली आहे काय, परवलीचा शब्द कोणीं बदलला आहे काय, हें पाहावें. जेथें संगणकावरूनच नांव व परवलीचा शब्द देऊन जोडणी करावी लागते, तेथें जुना ६९१ क्रमांक आजहि दिसतो व त्याचा अर्थहि तोच आहे.

पांचवा टप्पा पलीकडचें संकेतस्थळ. एक संकेतस्थळ उघडत नाहीं, पण दुसरीं दोन उघडतात, तर आपली लाईन निर्दोष आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत एकाच ठिकाणीं गर्दी होते. अशा वेळीं पहाटे किंवा रात्रीं उशिरा प्रयत्न करावा. आणखी एक चमत्कारिक कारण सांगून ठेवतों. जुन्या संगणकांतील लहान सेल संपला म्हणजे वीज गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षें मागें जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक याच तारखेवरून तपासून घेतो. तारीख चुकली कीं जोडणी असुरक्षित असल्याचा इशारा येतो. येथें तारीख दुरुस्त करणें हाच उपाय होय.

मोबाईलवर काम करणारांनीं प्रथम विमान-स्थिति चालू करून अर्ध्या मिनिटानें बंद करावी, म्हणजे फोन टॉवरशीं नव्यानें जोडला जातो. नंतर दिवसाचा सांठा व भरणा पाहावा, आणि शेवटीं तेंच सिमकार्ड दुसऱ्या फोनांत घालून पाहावें. तेथें चाललें तर दोष फोनांत. न चाललें तर सिमकार्डांत, खात्यांत किंवा टॉवरांत.

आपल्या दोन तालुक्यांतील विशेष कारणें

चिंचणी, डहाणू, बोर्डी, घोलवड या पट्टींत खाऱ्या वाऱ्यामुळें धातूचे सांधे लवकर गंजतात. ज्यांच्या घरीं अद्याप तांब्याची तार आहे, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं घरांत शिरणाऱ्या तारेची पेटी कंपनीच्या माणसाकडून उघडून साफ करून घ्यावी. पहिल्या पावसानंतर खरखर सुरू होणें आणि ऊन पडल्यावर ती आपोआप थांबणें, ही ओलसर सांध्याची पक्की खूण आहे. काचतंतूस अशी खरखर होत नाहीं. पण वाडींतून जाणारी तार चिकूच्या फांदीवर टेकली असेल तर वाऱ्यानें घांसून झिजते. छाटणीच्या वेळीं तारेभोवतीं हातभर जागा मोकळी ठेवावी. मात्र तीच वाट विजेच्या तारांची असेल तर मजुरास फांदीवर चढवूं नये. वीज कंपनीस कळवून पुरवठा बंद झाल्यावरच काम करावें.

तलासरी तालुका गुजरात व दादरा-नगर हवेली यांच्या सीमेस लागून आहे, आणि मोबाईलच्या व्यवस्थेंत महाराष्ट्र व गुजरात हीं दोन निराळीं परिमंडळें आहेत. सीमेजवळच्या गांवांत फोन कधीं इकडील तर कधीं तिकडील टॉवर धरतो. तिकडील टॉवर धरला म्हणजे कित्येक फोनांत ‘डेटा रोमिंग’ बंद असल्यामुळें बोलणें होतें, पण इंटरनेट चालत नाहीं. लोक टॉवर बिघडला असें समजतात. फोनाच्या व्यवस्थेंत जाऊन तें बटण चालू करावें, किंवा आपल्या परिमंडळाचा टॉवर हातानें निवडावा.

पूर्वेकडील डोंगराळ भागांत टॉवर टेकडीआड गेला म्हणजे वेग पडतो. तेथें घराच्या कोणत्या कोपऱ्यांत, अंगणांत कीं माळ्यावर, संकेत चांगला मिळतो हें एकदां नीट पाहून ठेवावें आणि तेथेंच बसून अर्ज भरावा.

खबरदारी

विजा चमकूं लागल्या कीं पेटीची वीज काढून ठेवावी, आणि तांब्याची तार असेल तर तीहि सोडवावी. काचतंतु स्वतः वीज वाहून नेत नसला तरी कांहीं तारांना आधारासाठीं पोलादी तार असते, आणि घरच्या विजेची वाट तर उघडीच असते. तुटलेल्या काचतंतूच्या टोकांत डोळा लावून पाहूं नये. त्यांतील प्रकाश डोळ्यास दिसत नाहीं, पण अपाय करूं शकतो. काचेचे बारीक तुकडे बोटांत शिरतात, म्हणून तुटकें टोक मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

टिपण आणि तक्रार

पेटीजवळ एक लहान वही दोऱ्यानें बांधून ठेवावी. बिघाडाची तारीख व वेळ, कोणते दिवे लागले होते, पाऊस अगर वारा होता काय, काय तपासलें आणि काय निष्पन्न झालें, एवढें लिहावें. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या म्हणजे बिघाडाचा स्वभाव आपोआप दिसूं लागतो.

तक्रार करतांना ‘नेट चालत नाहीं’ एवढेंच न सांगतां, ‘लाल दिवा लागला आहे, घरांतील तार तपासली आहे, वीज ठीक आहे’ असें सांगावें. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व वहींत लिहावा. क्रमांकाशिवायची तक्रार म्हणजे पोंच नसलेला अर्ज होय. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या नियमांप्रमाणें, तक्रारीचें निवारण समाधानकारक झालें नाहीं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आंत अपील करतां येतें, त्यास फी नाहीं, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. परंतु या अपिलांत आपलें म्हणणें उभें राहतें तें तारखा आणि तक्रार क्रमांक यांच्याच जोरावर.

एवढें करूनहि बिघाड दूर न झाला आणि मुदत जवळ आली, तर लाईनीची वाट पाहत बसूं नये. शेजाऱ्याची निराळ्या कंपनीची जोडणी किंवा जवळचें आपले सरकार सेवा केंद्र गाठून काम उरकावें आणि पोंचपावती जपून ठेवावी. मुदतीचा शेवटचा आठवडा हा दोष शोधण्याचा काळच नव्हे. वळीव पडण्यापूर्वीं जसें आपण घराचें छप्पर शाकारून घेतों, तशी ही पांच टप्प्यांची तपासणी मे महिन्यांत एकदां करून घ्यावी, म्हणजे जूनच्या वादळांत दोष घरांतला कीं बाहेरचा हें सांगण्यास दहा मिनिटें पुरतात.